मुलांचा रक्तकर्करोग : बिघडलेले बटण

‘आमचे काय चुकले?’ मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला की आईबाप हेच विचारतात. बहुधा काहीच नाही. पेशीतले कोणते जनुक केव्हा चालू, केव्हा बंद, हे ठरवणारी काही जनुके बटणासारखी असतात. कित्येक मुलांत गर्भातच अशी दोन जनुके तुटून भलतीच जोडली जातात. पुढे आणखी बिघाड झाला, की पांढरी पेशी पक्व न होता नुसती वाढत राहते.

लांबलेला ताप, फिकेपणा, अंगावर निळे डाग, हाडे दुखणे दिसल्यास पिंपळे गुरवच्या पालकांनी टॉनिकवर न थांबता रक्त तपासून घ्यावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ठरावीक क्रमाची औषधयोजना सुरू झाली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण पुष्कळ वाढले. उपचार दोन-अडीच वर्षांचे. महिन्या-दोन महिन्यांत मूल खेळू लागते. नेमके तेव्हाच औषध सोडू नये, दडलेल्या पेशी पुन्हा उसळतात.