दोष कोणाचा? संख्याशास्त्राचे उत्तर

एकाच यंत्रावर एकाच कारागिराने घडविलेले दोन खिळेदेखील तंतोतंत सारखे उतरत नाहीत. मग एखादा नग आखूड निघाला, तर दोष कोणाचा? पूर्वी हा निवाडा मुकादमाच्या नजरेवर अवलंबून असे आणि शिक्षा बहुधा कारागिराच्या वाट्याला येई. हाच निवाडा आकड्यांच्या आधारे कसा करावा, हे संख्याशास्त्राने क्रमाक्रमाने शिकविले.

आरंभी प्रश्न होता तो थोड्या नमुन्यांचा. डब्लिनच्या गिनेस या बीअरच्या कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी, मोजक्या नमुन्यांवरून कितपत खात्रीने अनुमान काढता येते, याची रीत १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. दूरध्वनीची सामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर श्युहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांपुढे एक आलेख ठेवला. त्यांच्या पद्धतीत मध्यभागी सरासरीची रेघ असते आणि तिच्या वर व खाली एकेक मर्यादारेषा. मापे या मर्यादांच्या आत स्वैरपणे विखुरलेली असली, तर तो फरक असंख्य बारीकसारीक कारणांचा समजावा. बिंदू बाहेर गेला, तर मात्र विशिष्ट कारण शोधावे. हत्यार बोथट झाले असेल, कच्चा माल बदलला असेल. आतल्या फरकापायी दर नगागणिक यंत्राची मांडणी बदलणारा मनुष्य चढउतार कमी न करता उलट वाढवितो, हे या विचाराचे मर्म होय. हेच श्युहार्ट १९४७-४८ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेतर्फे भारतातही येऊन गेले.

या विचारातील न्यायाची बाजू एडवर्ड्स डेमिंग यांनी स्पष्ट केली. १९५० साली जपानमध्ये त्यांनी अभियंत्यांना आणि कारखान्यांच्या चालकांनाही ही पद्धत शिकविली. बहुतेक दोष व्यवस्थेत असतात आणि ती बदलण्याचा अधिकार कामगारांना नव्हे, तर चालकांना असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जपानने १९५१ साली त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले.

१९८६ च्या सुमारास मोटोरोला कंपनीने ‘सिक्स सिग्मा’ पद्धत आणली. दहा लाख संधींमागे ३.४ हून अधिक दोष नसावेत, हे तिचे उद्दिष्ट. पुढे ही पद्धत बँका व रुग्णालये यांतही गेली.

आज संगणक क्षणात आलेख काढून देतो. त्याचा अर्थ लावणे मात्र माणसाकडेच राहते. म्हणून कोणाला दटावण्यापूर्वी चालकाने पाहावे, की हा बिंदू खरोखर मर्यादेबाहेर आहे काय? नसेल, तर तपासणी प्रथम स्वतःच्या व्यवस्थेची व्हावी.