घोट्याएवढ्या पाण्यातली वस्ती

हिवाळ्यातल्या सकाळी पुण्याच्या पाषाण तलावावर फिरायला येणाऱ्यांची नजर आधी तळ्याच्या मध्यावर जाते. तिथं बदकं तरंगत असतात, पाणकावळे बुड्या मारत असतात. रामनदी अडवून ब्रिटिश काळात बांधलेलं हे तळं आता शहराच्या कुशीत आलं आहे. दुर्बीण थोडी अलीकडे आणून पाणी जिथं चिखलात विरतं तिथं रोखली, की खरी वर्दळ दिसू लागते.

ओल्या मातीवर शेपूट हलवत धावतो तो धोबी. हिमालयातून किंवा त्याही पलीकडून आलेला हा पाहुणा कीटक टिपतो, पाण्यात मात्र फारसा शिरत नाही. पावलं बुडतील इतक्या पाण्यात तुतवार. त्यापुढे शेकाट्या, गुलाबी काड्यांसारख्या पायांवर तोललेला. त्याच्या पायाच्या मध्यावर मागं वळणारा सांधा गुडघा वाटतो, पण तो घोटा असतो. गुडघा वर पिसांत झाकलेला. आणखी खोलात बगळे. ज्याचे पाय जेवढे लांब, तेवढं पाणी त्याच्या वाट्याचं, त्यामुळे एकाच काठावर सगळ्यांचं पोट भरतं.

हळदी-कुंकू बदकाची मोजपट्टी पाय नसून मान असते. शेपूट वर, डोकं पाण्याखाली, आणि चोच पोहोचेल तिथवरचं शेवाळ, बिया, किडे हे त्याचं जेवण. चोचीच्या टोकाला पिवळा डाग, मुळाशी दोन लाल ठिपके: नाव ठेवणाऱ्यानं किती नेमकं पाहिलं होतं! वारकरीही तसाच. काळ्या अंगाच्या या पाणपक्ष्याच्या कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा असतो. मराठी नाव कळलं की अर्धी ओळख पटलेलीच असते, म्हणून मुलांना पक्षी दाखवताना ही नावं आवर्जून सांगावीत.

टिबुकलीसाठी मात्र वेळ काढून बसावं. मुठीएवढा हा पक्षी डुबकी मारतो आणि पंधरा-वीस सेकंदांनी भलतीकडेच वर येतो. तिचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. पाण्याखाली ते वल्ह्यासारखे चालतात, जमिनीवर मात्र तिला धड चालता येत नाही. म्हणून घरटंही पाण्यावरच, वनस्पतींच्या देठांना अडकवलेलं. घरटं सोडताना ती अंडी ओल्या पानांनी झाकते. सुरुवातीला पांढरी असलेली अंडी त्या पानांच्या डागांनी हळूहळू तपकिरी होतात आणि चिखलाच्या रंगात मिसळून जातात.

कमळपक्ष्याची गोष्ट आणखी वेगळी. लांबलचक बोटांवर वजन विभागलं जात असल्यानं तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. मादी आकारानं मोठी, एका हंगामात अनेक नरांशी जोडी जमवणारी. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम.

या सगळ्यांना उतरता काठ लागतो. उथळ, चिखलाचा, लव्हाळ्यांचा. आणि नेमका तोच भाग आपल्याला अस्वच्छ वाटतो. सुशोभीकरण म्हटलं की काठ खरवडून दगडी किंवा काँक्रीटची उभी भिंत घातली जाते. भिंतीपाशी एकदम खोल पाणी आलं की शेकाट्याला उभं राहायला जागा उरत नाही, बेडकाला चढण मिळत नाही, दिवड सापाची शिकारीची जागा जाते. पाणकावळे तेवढे तग धरतात. दुसरा धोका सांडपाण्याचा. त्यावर पोसलेली, मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी एखाद्या कोपऱ्यात असेल तर पाणकोंबडी तिच्यात वावरते. पण तिनं तळं झाकलं की पाण्यातला प्रकाश आणि प्राणवायू दोन्ही घटतात.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. काठावर पहिल्यांदा बसायला हे दोन्ही मुहूर्त चांगले.

पक्षी नसतील तेव्हा पाण्यातून वर आलेली लव्हाळ्याची एखादी काडी न्याहाळावी. चतुराची अळी पाण्यातच वाढते, डासांच्या अळ्या खाते आणि वेळ आली की अशाच काडीवर चढून येते. पाठ उलते, आतून ओलसर पंखांचा चतुर बाहेर पडतो आणि पंख वाळले की उडून जातो. काडीला घट्ट धरलेली रिकामी कात नंतरही तिथेच असते.