तुरीचे पाच दाणे

सकाळी 6:20

चहाला उकळी फुटायच्या आत मोबाइलवर तीन फोटो येऊन पडलेत. तिन्ही शीचे. बालरोगतज्ज्ञाचा दिवस असाच उजाडतो, म्हणून नाश्त्याच्या टेबलावर माझा मोबाइल पालथा ठेवायचा असा आमच्या घरचा कायदा आहे. एक पिवळी, एक हिरवट, एक दह्याच्या कण्यांसारखी. तिन्ही उत्तम. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा शी करतं आणि कधी पाच-सहा दिवस अजिबात करत नाही. पोट मऊ असेल, वजन वाढत असेल, बाळ खुशाल असेल तर दोन्ही चालतं. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की 'अंगा' टाइप केलं की पुढचं मोबाइलच सुचवतो.

ज्या रंगाची मला धास्ती आहे, त्याचा फोटो क्वचितच येतो. शाडूच्या मातीसारखा, पांढुरका. बाळ पंधरा दिवसांनंतरही पिवळं आहे आणि शी पांढुरकी होतेय, तर यकृतातून पित्त उतरायची वाट बंद असू शकते. त्याची शस्त्रक्रिया साधारण दोन महिन्यांच्या आत झाली तरच तिचा खरा उपयोग. अशा एका बाळाला 'कोवळं ऊन दाखवा' या सल्ल्यावर महिनाभर अंगणात निजवलेलं मी पाहिलंय. पिवळेपणाला ऊन हा सल्ला देणारे सगळे असतात, शी बघणारं कोणी नसतं.

सकाळी 8:00

अकलूजमध्ये हिवाळ्यात सकाळी रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या असतात, त्यामुळे प्रसूतिगृहात पोचायला दहा मिनिटं उशीर. रात्री तीन बाळंतपणं झालीत. क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन (नर्सताईंना हा फरक नातेवाइकांना रोज सांगावा लागतो), बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ ब ची लस. इथवर सगळं सरळ चालतं.

घोडं अडतं दुधाशी. "दूधच आलं नाही हो अजून," हे पहिल्या दिवशीचं ठरलेलं वाक्य. पहिल्या दिवशी यायचा असतो चीक, चमचाभर, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तेही बाळ ओढत राहिलं तर. मधल्या दोन दिवसांत साखरपाणी, डब्याची पावडर आणि सोन्याचं वळं उगाळून मध, यांपैकी काहीतरी बाळाच्या तोंडात जातंच. मधाबद्दल मी थेट नाही म्हणते. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. एका काकूंनी आज विचारलं, "मग नुसतं सोनं चाटवू का?" नुसतं सोनंही नको म्हटलं, पण काकू निदान विचारून करतात, याचं बरं वाटलं.

पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन घटतं, शेकडा दहापर्यंत घटलं तरी चालतं, आणि दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. दिवसाला सहा-आठ वेळा लघवी म्हणजे दूध पुरतंय. रडण्यावरून दूध मोजू नका, असं सांगून निघाले.

सकाळी 10:00

बाकावर वीस-पंचवीस जण. आतल्या खोलीत एका बाळामागे तिघं येतात: मांडीवर बाळ घेतलेली आई, तिच्या मागे सासू आणि दाराशी मोबाइल धरून बाप. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी आईशी बोलायचे. ती मान डोलवायची. चौथ्या दिवशी तीच मंडळी परत यायची, बाळ आणखी आजारी, आई फरशीकडे बघत. मी बोलत होते ते चुकीच्या खुर्चीशी, हे कळायला मला बराच काळ लागला. आता माझ्या टेबलाला लागून एक बुटकं स्टूल आहे, ते आजीचं.

आजीशी बोलायचं म्हणजे देवाणघेवाण करायची. टाळूवर तेल? भरा. मालीश? खुशाल, चांगलीच आहे, पण नाकात आणि कानात तेलाचा थेंब नको. नाकातलं तेल छातीत उतरतं. काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं असू शकतं, तीट तळपायाला लावा. दृष्ट काढा, मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाका, माझी काही हरकत नाही. मात्र शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून बंद खोलीत धुरी द्यायची, यावर मी तडजोड करत नाही. सुटीच्या दिवशी घरात मी चुलीशी बसत नाही ती धुरामुळेच, आणि बाळाचं फुप्फुस तर काही महिन्यांचंच असतं.

गुटीवर मात्र वाटाघाटी लांबतात. सहाणेवर हळकुंडाचे दोन वळसे, मुरडशेंगेचा एक, वेखंडाचा अर्धा, जायफळाचा एक. हे माप आजीच्या बोटांत असतं आणि त्याचा तिला योग्य अभिमान असतो. पण जायफळाचे वळसे वाढले की बाळ गुंगून झोपतं आणि घर म्हणतं, गुटी मानवली. शिवाय सहाण आणि पाणी उकळलेलं कुठे असतं? सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको, हे मी उष्टावणाच्या आधाराने सांगते. "आपल्यात उष्टावण कधी करतात, आजी?" "सहाव्यात की." "मग त्याआधी कसं चालेल?" यावर बहुतेक आज्या हसतात. उष्टावणानंतर खिमटी, मऊ भात-वरण, वर तूप. वरणाचं नुसतं पाणी नको, डाळ स्वतः हवी. चमचा उलटा केला तर पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट.

साडेदहाला एक बाप दोन बाटल्या घेऊन आला. दोन्हींवर पॅरासिटामॉल. मुलगी 8 किलोची, ताप उतरेना म्हणून त्याने छोट्या बाटलीतून चमचाभर पाजायचं ठरवलं होतं, आधी विचारून घ्यावं म्हणून आला. नशीबच. या औषधाची मात्रा वजनाच्या एका किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे हिला 120. छोट्या बाटलीतल्या थेंबांमध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. मोठ्या बाटलीतल्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, आणि जादा ताकदीच्या सिरपमध्ये 5 मिलीत 250. म्हणजे हिला थेंब 1.2 मिली, किंवा साधं सिरप 5 मिली, किंवा जादा ताकदीचं सुमारे अडीच मिली. त्याने थेंबांचं औषध चमचाभर दिलं असतं तर एका वेळी 500 मिलिग्रॅम गेलं असतं, लागेल त्याच्या चौपट. छोटी बाटली म्हणजे सौम्य औषध, हा समज घरोघरी आहे आणि तो बरोबर उलटा आहे. मी बाटलीवरच मार्करने वजन, मिली आणि दोन वेळांमधले किमान चार तास लिहून देते. घरातला चमचा वापरायचा नाही, बाटलीसोबतची मापाची टोपी किंवा सिरिंज. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मिली-बिली काही मोजत बसायचं नाही, गाडी काढायची.

अकराच्या सुमारास ती आजी आली, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. आठ महिन्यांचा नातू, तीन दिवस सर्दी-खोकला, बाळ खेळकर, दूध ओढतंय. तिला खोकल्याचं औषध हवं होतं, 'लाल बाटली'. मी दिली नाही. इतक्या लहान बाळांना खोकल्याच्या सिरपचा उपयोग नसतो, आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची मुलं अशाच औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली काही उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि दूध, बास, म्हटल्यावर आजीचा चेहरा पडला. "मग आमी आलो कशाला येवढ्या लांब?"

प्रश्न रास्त होता. रिकाम्या हाताने पाठवलं तर ती घरी शेगडी पेटवणार, हे मला दिसत होतं. म्हणून तिला काम दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं होतं: एक मिनिटाची वाळू आणि मणी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. माझ्याकडे ते साधन नाही. मी म्हटलं, "आजी, तुरीचे पाच दाणे घ्या. बाळ निजलं की अंगरखा वर करा, पोट वर आलं की एक. दहा झाले की एक दाणा ताटलीत टाका. सुनेने घड्याळात पूर्ण एक मिनिट बघायचं. पाचवा दाणा पडला, तर रात्री दोन वाजले तरी मला फोन करायचा." दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस, हे आकडे तिला सांगितले नाहीत, पाच दाणे पुरेत. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजायचंही नाही, निघायचं, एवढं मात्र सांगितलं. तिथेच बाकावर तिने माझ्या घड्याळावर एकदा मोजून दाखवलं. दाणे नव्हते, मग स्टेपलरच्या पिना घेतल्या.

दुपारी 1:00

लसीकरण. रडारड. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. टोचल्यावर ताप येतो, तो एक-दोन दिवसांत जातो. बीसीजीच्या जागी महिना-दीड महिन्याने फोड येऊन पिकतो, त्यावर हळद-तेल काही लावू नका. सरकारी दवाखान्यात याच लशी फुकट मिळतात, हेही सांगते. आमच्या धंद्यातल्या काहींना ते आवडत नाही.

दुपारी 4:15

बीडकडचा एक कोयता आला, म्हणजे नवरा-बायको; ऊसतोडीत जोडप्याला कोयताच म्हणतात. अकरा महिन्यांची मुलगी, दोन दिवस जुलाब आणि उलट्या. डोळे थोडे खोल गेलेले, पण पाणी दाखवलं की झडप घालत होती. भरती करू म्हटलं असतं तर दिवसाचा खाडा पडला असता, आणि उचल आधीच अंगावर. म्हणून इथेच दोन तास बसवलं. रिकामी एक लिटरची पाण्याची बाटली, त्यात ओआरएसचं अख्खं पाकीट. अर्ध्या पेल्यात चिमूटभर टाकायचं नाही आणि पाकीट दोनदा वापरायचं नाही. चमच्याचमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. 24 तासांनंतर उरलेलं फेकायचं. प्रत्येक जुलाबामागे अर्धी वाटी. अंगावरचं दूध चालूच. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चमच्यात विरघळवून रोज एक, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी.

बापाच्या हातात ओआरएस असं छापलेलं एक गोड पेय होतं, मुकादमाच्या ओळखीच्या दुकानातलं, जुना माल. असलं नाव लावायला 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी अन्न प्राधिकरणाने बंदी केली, हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कित्येक वर्षं भांडत होत्या. जास्त साखरेने जुलाब वाढतात. खरं पाकीट 1971 मध्ये बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-ग्लुकोज-सोडा कालवून जे पाणी पाजलं, त्याचं भावंड आहे. स्वस्त आहे म्हणून लोकांना ते औषध वाटत नाही, एवढाच त्याचा दोष.

सहाला मुलीने लघवी केली. आई इतकी खूष झाली की ओला फडका मला दाखवायला घेऊन आली. नऊ महिन्यांची गोवराची लस राहिली होती, कार्ड गावाकडच्या पेटीत. मुलगी सावरली की कोप्यांजवळच्या उपकेंद्रात ती घ्या म्हणून चिठ्ठी दिली.

संध्याकाळी 6:45

दोन वर्षांचा मुलगा, तापात आकडी. येईपर्यंत थांबलेली. रिक्षात कोणी चप्पल हुंगवली होती, कोणी कांदा, कोणी दातांत चमचा घातला होता आणि ओठ फाटला होता. कुशीवर वळवा, कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांपुढे गेली तर लगेच दवाखाना. सहा महिने ते पाच वर्षं या वयात अशी आकडी येऊ शकते आणि बहुतेकांच्या मेंदूला तिने काही होत नाही. हे ऐकायच्या मनःस्थितीत त्या क्षणी कोणी नसतं, म्हणून मी कागदावर लिहून देते. पहिल्यांदाच आली म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

रात्री 8:15

शेवटचा नंबर. पावणेदोन वर्षांचं मूल, अजून 'आई' म्हणत नाही, जेवताना मोबाइल लागतो. ऐकू येतं का ते तपासायला पाठवलं. मोबाइलवर खापर फोडायच्या आधी कान बघावेत. आणि दोन वर्षांपर्यंत पडदा बंद. आईने विचारलं, "मग मी स्वयंपाक कधी करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाकरीच्या पिठाचा गोळा हातात द्या, म्हटलं. माझ्या मुलाला मी तेच करायचे, आणि निम्मं पीठ तो खायचा.

रात्री 10:50

"बाई, निजला का?"

"नाही आजी, बोला."

"मोजलं. येकदा सुनंनं, येकदा म्या. चार दाणं पडलं, पाचवा हातातच ऱ्हायला."

"छान. खड्डा पडतोय का बरगडीखाली?"

"न्हाई. दूध वढतंय. झोपलाय."

"आणि शेगडी?"

पलीकडे जरा शांतता.

"न्हाई लावली. पर वव्याची पुरचुंडी उशाला ठिवलीया. ती चालंल का?"

"उशाशी नको. वर खुंटीला अडकवा."

"बरं. ठिवते."

फोन बंद करायचा तिच्याकडून राहून गेला. कांबळं सरकल्याचा आवाज, मग तिचा दबका सूर: येक, दोन, तीन. दहाला ताटलीत एक दाणा पडला.