मुंडावळ्यांवर थांबलेला फोकस

‘सावधान’चा शेवटचा सूर संपतो, अंतरपाट बाजूला होतो आणि हार हातात घेतलेली दोघं एकमेकांसमोर येतात. हार गळ्यात पडेपर्यंत जेमतेम काही सेकंद जातात. तेवढ्यात अक्षता उडतात, सनई-चौघडा एकदम वाढतो, आणि बोहल्यासमोर उभ्या असलेल्या फोटोग्राफरची लेन्स नेमकी त्याच वेळी पुढे-मागे फिरत बसते. बटण दाबलेलं असतं, पण फोटो निघत नाही. निघालाच तर मागच्या पडद्यावरची फुलं खणखणीत शार्प आणि नवरी धूसर. धंद्यातली माणसं याला म्हणतात, ‘फोकस हंट होतोय.’

सांगली, माधवनगर, बुधगाव, मिरज या पट्ट्यात लग्नसराईत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. सकाळी अंगणात हळदीचे फोटो घेताना तोच कॅमेरा, तीच लेन्स बिनचूक चालते. दुपारी कार्यालयात शिरलं की बिघाड सुरू. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला, तर दुकानदार दारात उभा राहून रस्त्यावरच्या रिक्षेचा फोटो काढतो आणि म्हणतो, ‘काही झालेलं नाही याला.’ त्याचं खरंच असतं आणि तक्रार करणाऱ्याचंही खरं असतं. ऑटोफोकस या यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ बसत नाही.

आपल्याला चेहरा दिसतो. ऑटोफोकसला मुळात दिसते ती कड, म्हणजे उजेड आणि अंधार जिथे एकमेकांना लागतात ती रेघ. डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशामागे आणखी एक छोटा आरसा असतो. तो लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा काही भाग खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. तिथे लेन्सच्या एका बाजूने आलेला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने आलेला प्रकाश वेगळा केला जातो, म्हणून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा मिळतात. त्या दोन प्रतिमांमधलं अंतर ठरलेल्या मापाचं असेल तर फोकस बरोबर. कमी-जास्त असेल तर किती आणि कुठल्या बाजूला, यावरून लेन्स कुठे फिरवायची हे कॅमेऱ्याला एका मापात कळतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात. दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची. तिच्यात दिशा आधी कळत नाही. जुन्या रेडिओवर सांगली आकाशवाणी लावताना काटा थोडा पुढे न्यायचा, आवाज बिघडला की परत मागे आणायचा, तसं लेन्स शिखर ओलांडून जाते आणि मग माघारी येते. दोन्ही पद्धतींना कड ठळक लागते. उजेड कमी झाला की कड पुसट होते, सेन्सरवरची विद्युत खरखर वाढते, आणि यंत्राला खरी रेघ कुठली आणि खरखर कुठली हे ठरवता येत नाही. मग ते लेन्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत जातं.

उजेड किती कमी होतो, याची कल्पना डोळ्यांना येत नाही. डोळा लगेच जुळवून घेतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. दिव्यांनी झगमगलेल्या कार्यालयात तो अनेकदा शंभर-दोनशे लक्स भरतो. म्हणजे आपल्याला ‘मस्त लायटिंग’ वाटतं, तिथे कॅमेऱ्याला अंगणातल्या उजेडाचा पाचशेवा किंवा हजारावा हिस्सा मिळत असतो.

या यंत्राचा इतिहास पाहताना मला एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांना अंधाराची अडचण जवळजवळ नव्हतीच. १९७७ साली कोनिकाचा सी३५ एएफ बाजारात आला, तो मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. तो आलेल्या प्रकाशावरच अवलंबून होता. पण पुढच्याच वर्षी पोलरॉइडने एसएक्स-७० मध्ये ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारी यंत्रणा बसवली, आणि १९७९ मध्ये कॅननच्या एएफ३५एम ने स्वतःचा अवरक्त किरण सोडून अंतर मोजलं. मिट्ट काळोखातही हे कॅमेरे अंतर ओळखत. पोलरॉइडला फक्त काच आडवी आली की फसायला होई, कारण ध्वनी काचेवरूनच परत येई. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने लेन्समधून आलेल्या प्रकाशावर चालणारा फेज डिटेक्शनचा एसएलआर घरोघर नेला आणि सगळा धंदा त्या वाटेने गेला. पुढे हनीवेल कंपनीने पेटंटवरून मिनोल्टाला अमेरिकेत कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये १२ कोटी ७५ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं. अचूकता, वेग, लांबच्या लेन्स हे सगळं या मार्गाने मिळालं. स्वतःचा दिवा घेऊन फिरण्याची सवय तेवढी मागे पडली.

ती थोडीफार उरली आहे फ्लॅशच्या पुढच्या लाल काचेत. अंधारात बटण अर्धं दाबलं की तिथून लाल रेघांची नक्षी समोरच्या माणसावर पडते. पांढऱ्या सदऱ्यावर कड नव्हती, ती या नक्षीने तयार होते आणि फोकस एका झटक्यात बसतो. कितीतरी फोटोग्राफर मात्र हा दिवा लागतच नाही म्हणून फ्लॅश दुरुस्तीला नेतात. कारण साधं असतं. सतत फोकस करत राहणाऱ्या पद्धतीवर, म्हणजे कॅननच्या एआय सर्वो किंवा निकॉनच्या एएफ-सी वर कॅमेरा असेल तर तो दिवा पेटत नाही. एकदाच फोकस घेऊन थांबणाऱ्या पद्धतीवर आणलं की पेटतो. शिवाय बऱ्याच मिररलेस बॉड्या जुन्या फ्लॅशची ही लाल नक्षी वापरतच नाहीत. नवी बॉडी आणि जुना फ्लॅश अशी जोडी लावणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आता बोहल्यावर या. महाराष्ट्रातलं लग्न ऑटोफोकससाठी फार अवघड आहे, असं माझं मत झालं आहे. अंतरपाटापासूनच सुरुवात करा. पांढरं किंवा फिकट, सपाट, किंचित हलणारं कापड. त्याच्या मध्यभागी फोकसचा चौकोन ठेवला तर पकडायला काही नाही. कापडाच्या वरच्या कडेवर, किंवा त्याच्यावर काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकावर चौकोन नेला की काम होतं. मग मुंडावळ्या. मोत्यांच्या त्या दोन सरी कानशिलांवरून खाली येतात, मान वळली की बरोबर डोळ्यासमोर लोंबतात. पांढरा मोती, त्याच्यावर दिव्याची चमक, मागे सावळी कातडी. यंत्राला याहून ठळक कड कुठे मिळणार? ते मोत्यावर थांबतं आणि आपलं काम चोख झालं असं सांगत हिरवा चौकोन दाखवतं. ८५ मिमीची लेन्स एफ १.४ वर ठेवून दोन मीटरवरून फोटो घेतला, तर शार्प दिसणारा पट्टा पुढचं-मागचं मिळून साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असतो. मुंडावळीपासून पापणीपर्यंतच त्यातला बराचसा संपतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळत नाही. अल्बमसाठी फोटो मोठा केला की कळतं, तोवर कार्यालय रिकामं झालेलं असतं.

म्हणून अनुभवी हात लेन्सचं छिद्र जरा आवरतात. एफ १.४ च्या लेन्सचा अभिमान बाजूला ठेवून एफ २.८ किंवा ४ वर येतात, आयएसओ वाढवतात आणि दाणेदारपणा पत्करतात. माझ्या मते हाच खरा सौदा आहे. दाणे आलेला फोटो घरात लागतो, आऊट गेलेला लागत नाही.

लाजाहोमाचा धूर हा आणखी एक अडथळा. धूर कॅमेऱ्याला दिसतो तो कड पुसणारा पडदा म्हणून. त्यात आजकाल पाठीमागे एलईडीची भिंत असते. तिचे ठिपके इतके ठळक आणि एकसारखे असतात की फोकस वधूवरांना सोडून भिंतीवर जातो. एलईडी पारचे निळे-जांभळे दिवे चेहऱ्यावर पडले की डोळा, भुवई, ओठ यांतला फरक मिटतो. जुन्या कार्यालयांतला पिवळा हॅलोजन वेगळी खोड काढतो. वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश लेन्समधून थोड्या वेगळ्या अंतरावर एकत्र येतो. डीएसएलआरचा फोकसचा सेन्सर आणि फोटोचा सेन्सर रंगांना सारखाच प्रतिसाद देत नाहीत, म्हणून पिवळ्या उजेडात फोकस बसला असं सांगूनही तो जरासा पुढे किंवा मागे पडू शकतो. दुकानात दिवसाच्या उजेडात केलेलं सूक्ष्म ॲडजस्टमेंट कार्यालयात चुकतं ते यामुळे. ज्या उजेडात काम करायचं, त्याच उजेडात ते करून घ्यावं.

दोष फोकसचा आहे का, हेही आधी ठरवायला हवं. आत काढलेले निम्मे वाईट फोटो ‘आऊट’ नसतात, ‘हललेले’ असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. फोटोत कुठेतरी, नवरीच्या मागच्या करवलीच्या दागिन्यात किंवा पुढच्या समईत, काहीतरी शार्प सापडलं तर फोकस चुकला. सगळीकडे एकाच दिशेने फरफट दिसली तर हात हलला. चेहरा स्वच्छ आणि हार टाकणारे हात तेवढे पुसट, तर शटर कमी पडलं. तिन्हींचे उपाय वेगळे, आणि नवी लेन्स घेऊन शेवटचे दोन सुटत नाहीत.

गेल्या काही वर्षांत यंत्र खूप सुधारलं, यात शंका नाही. २०१० च्या सुमारास फोटोच्या सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे बिंदू आले, २०१३ मध्ये कॅननच्या ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल आलं. २००८ च्या ५डी मार्क टू ची फोकस घेण्याची खालची मर्यादा उणे ०.५ ईव्ही होती, २०२० च्या आर६ ची उणे ६.५. प्रत्येक ईव्हीला उजेड निम्मा होतो, तेव्हा हा फरक चौसष्ट पटींचा. पण जाहिरातीतला तो आकडा एफ १.२ च्या लेन्सवर मोजलेला असतो. बॉडीबरोबर मिळणारी झूम लांब टोकाला एफ ५.६ वर येते आणि एफ १.२ च्या मानाने विसाव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश आत सोडते. नवी बॉडी घेऊन जुनीच किट लेन्स लावणाऱ्यांची निराशा इथून येते. पैसे मोजकेच असतील तर आधी ५० मिमी एफ १.८ घ्यावी, बॉडी नंतर.

चेहरा आणि डोळा ओळखणारी नवी पद्धत बोहल्यावर खरोखर उपयोगी पडते. मुंडावळ्या बाजूला असताना ती डोळ्याला चिकटून राहते. सरी डोळ्यावर आली, फेट्याची सावली पडली, मान खाली गेली की ती डगमगते, आणि एक छोटा चौकोन हाताने पापणीवर ठेवणं हाच भरवशाचा मार्ग उरतो.

नाटकाचं गणित उलटं आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीत उभं केलं, तेव्हापासून या गावाला रंगमंचाचं वेड आहे, आणि नाटकांचे फोटो काढणारेही इथे पुष्कळ. फ्लॅश नाही, लाल दिवाही बंदच ठेवायचा, कारण तो नटाच्या तोंडावर पडतो. तरीही प्रकाशझोतातला चेहरा कॅमेऱ्याला कार्यालयातल्या चेहऱ्यापेक्षा सोपा जातो. एका बाजूने येणारा झोत नाकाची, गालाची कड कोरून देतो. कार्यालयात चारी बाजूंनी ट्यूब लावून हीच कड आपण पुसून टाकलेली असते. बोहल्यावर एका बाजूला एक दिवा जरा जास्त ठेवला, तर फोटो आणि फोकस दोन्ही सुधारतात. लाइटवाल्याशी आधी पाच मिनिटं बोललं तर तो हे आनंदाने करतो.

माधवनगरच्या यंत्रमागांवर फोटो काढायला गेलं की या सगळ्याची कसोटी लागते. पत्र्याची शेड, एखाद-दुसरी ट्यूब, कोपऱ्यातल्या झरोक्यातून आलेला उजेड आणि खडखडाट. मागाच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर बीमवरून फणीकडे जाणारे शेकडो धागे आडवे, समांतर, एकसारखे दिसतात. इथे फोकस दोनदा फसतो. पुष्कळ मिररलेस सेन्सर फक्त उभी कड ओळखतात. कॅमेरा आडवा धरला की आडव्या धाग्यांवर त्यांना काहीच सापडत नाही. कॅमेरा उभा धरला की धागे दिसू लागतात, पण आता एक धागा दुसऱ्यासारखाच असल्यामुळे कुठल्या प्रतिमेतला धागा कुठल्याशी जुळवायचा हे यंत्राला कळत नाही, आणि चुकीच्या जागीच फोकस बसल्याचा चौकोन उजळतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत सतारीच्या तारांवर हेच होतं. उपाय असा, की धाग्यांचा नाद सोडून त्यांच्याच अंतरावरची मागाच्या लोखंडी चौकटीची एखादी घासून चकाकलेली कड शोधायची. तिच्यावर फोकस घ्यायचा, बोट न उचलता किंवा मागच्या बटणाने तो तिथेच धरून ठेवायचा, कॅमेऱ्याची चौकट पुन्हा धाग्यांवर आणायची आणि तुटलेला धागा जोडायला कामगाराचा हात बीमवर येईपर्यंत थांबायचं.