अर्ध्या मिनिटाने हसणारे प्रेक्षक

सकाळी ९
ऑफिसात संध्याकाळच्या नाटकाच्या थेट ऑनलाइन प्रक्षेपणासाठी सबटायटल्सवर शेवटचा हात. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना घरातली मराठी कळते, पण नाटकातली पळती मराठी निसटते. शिवाय घरात एखादी अमराठी सून किंवा जावई असतो. म्हणून इंग्रजी ओळी. त्या आपोआप येत नाहीत. आमची एक मुलगी संहिता समोर घेऊन वाक्यागणिक कळ दाबते. विनोदी नट पदरचं काही बोलला, की ती नुसती हात वर करते. नाइलाज.

दुपारी १२
बालगंधर्व रंगमंदिर. निर्मात्याने दुपारचं सत्रही घेतलंय म्हणून निभावतं. एरवी दोन प्रयोगांमधल्या वेळात सेट उभा राहायचा की आमच्या केबली पडायच्या? पाच कॅमेरे लागतात. त्यातला मागचा मधोमधचा सबंध रंगमंच धरतो. कॅमेऱ्यांच्या आणि त्यांच्या मागच्या खुर्च्या बुकिंगच्या प्लॅनवर आधीच बंद करून घ्याव्या लागतात.

दुपारी २
आवाज. नटांचा आवाज नाटकाच्याच माइकांतून, मिक्सरवरून मिळतो. आमचे दोन माइक मात्र रंगमंचाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड केलेले. हशा, टाळ्या, खोकला, सगळं त्यांतून येतं. ते बंद करून बघा, हशासाठी थांबलेला नट वाक्य विसरल्यासारखा दिसतो. २०२० मध्ये थिएटरं बंद असताना हृषीकेश जोशींनी ‘मोगरा’ हे नाटक ऑनलाइन केलं, कलाकार वेगवेगळ्या ठिकाणी बसून. धाडस होतं ते. पण समोरच्या अंधारातून परत येणारा आवाज अशा प्रयोगाला कुठून मिळणार?

दुपारी ३.३०
प्रकाश. इथे रोज वाद होतो. डोळ्याला जो अंधार गोड वाटतो, तो कॅमेऱ्यात काळा ठिपका होतो, आणि स्पॉटमधला चेहरा पांढराफटक. “दादा, तुमच्या कॅमेऱ्यासाठी मी माझ्या रात्रीची दुपार करणार नाही,” प्रकाशयोजनावाल्या बाई म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. तिकीट काढून आलेल्या माणसाची रात्र आधी. शेवटी स्पॉट जरा उतरतो, बाजूचा उजेड किंचित चढतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० वर. नाहीतर काही दिवे पडद्यावर फडफडतात.

दुपारी ४.३०
निर्माते चहा घेऊन येतात आणि नेहमीचा प्रश्न विचारतात: घरबसल्या दिसलं तर बुकिंगला कोण उभं राहील? मी लंडनचं उदाहरण देतो. तिथल्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये हेलन मिरेनचं ‘फेद्र’ सिनेमागृहांत थेट दाखवलं. तेव्हापासून ते हे करतायत. त्यांची नाटकं आपल्या एनसीपीएतही पडद्यावर लागतात, लोक तिकीट काढून जातात. निर्माते मान हलवतात, पण पटलेलं दिसत नाही. मलाही हा हिशोब इतका सरळ वाटत नाही. लंडनचं नाटक ठाण्याच्या दौऱ्यावर येत नसतं.

संध्याकाळी ५.३०
तिसरी घंटा. रविवारची ही वेळ जगाला सोयीची. या दिवसांत न्यू जर्सीत सकाळचे ८, लंडनला दुपारचा १, दुबईत ४, मेलबर्नला रात्रीचे १०. कॅलिफोर्नियात मात्र पहाटेचे ५.

मी बाजूच्या खोलीत पाच चौकटींसमोर बसतो आणि हेडसेटवर कुजबुजत राहतो. बोलेल त्याच्यावर कट करणं सोपं, टीव्ही मालिकेने सगळ्यांना तेच शिकवलंय. नाटकात ते अंगाशी येतं. दुसऱ्या प्रवेशात सासरे तावातावाने भाषण ठोकतात आणि कोपऱ्यात सून मुकाट मटार सोलते. मध्येच एक दाणा तोंडात टाकते. सभागृह फुटतं ते त्या दाण्यावर. मी तेव्हा सासऱ्यांच्या मिशांवर असलो, तर दुबईतल्या माणसाला हशा ऐकू येणार आणि का ते कळणार नाही. म्हणून मी पूर्ण रंगमंचाचं दृश्य हट्टाने धरून ठेवतो. क्लोजअप मिळत नाही म्हणून काहीजण चिडतात. चिडू देत. कुठे बघायचं हे ठरवायचा हक्क सातव्या रांगेतल्या माणसाला असतो. लांबच्याला तो जमेल तेवढा राहू द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

थेट म्हणायचं, पण प्रक्षेपण अर्धं मिनिट मागे असतं. इथला हशा विरतो तेव्हा तिकडचा सुरू होतो.

संध्याकाळी ७
मध्यांतर. सगळे बटाटेवड्याकडे, आमचा मुलगा फोनवर. मस्कतच्या काकूंना आवाज येत नाहीये. त्यांच्या टीव्हीचाच आवाज बंद निघतो.

रात्री ८.१५
पडदा. सेट निघायच्या आत केबली गोळा. पाचही कॅमेऱ्यांचं चित्रण वेगवेगळं, प्रत्येकाच्या दोन प्रती, दोन माणसांच्या दोन पिशव्यांत.

रात्री ११
प्रयोगात सबटायटलवाल्या मुलीचा हात जिथे वर झाला, त्या ओळींना सबटायटल घालून रेकॉर्डिंग चढवतो. कॅलिफोर्नियात आता रविवार सकाळचे साडेदहा, तिकडचे लोक वाटच बघत असतात. लिंक ४८ तास चालेल, मग बंद. ही निर्मात्यांची अट. पुढच्या रविवारी हेच नाटक ठाण्याच्या गडकरी रंगायतनला लागतंय.