शेवंडीमागे धावताना श्वास रोखू नका

अमेरिकेतल्या फ्लोरिडात शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, नियमित हंगाम 6 ऑगस्टला सुरू होतो. त्याआधी जुलैअखेरीस हौशी मंडळींसाठी दोन दिवस राखीव असतात. कपारीतली शेवंड काठीने डिवचून जाळीत घ्यायची आणि पाण्यातच मोजायची. पाठीचे कवच 3 इंचांहून मोठे हवे. अंडी असलेली मादी सोडून द्यायची.

या घाईगर्दीत काही पाणबुड्यांचे जीवही गेले आहेत. शिकारीच्या नादात टाकीतली हवा बघायची राहते, मग घाबरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो. 10 मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे फुफ्फुस फाटू शकते. म्हणून श्वास चालू ठेवा, सावकाश वर या, जोडीदाराची साथ सोडू नका. निसटलेली शेवंड पुन्हा सापडेल.