दूरस्थ अतिदक्षता परिचर्या

अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांवर अन्य ठिकाणच्या केंद्रातून दृक्‌श्राव्य साधने व संगणक यांच्या साहाय्याने अहोरात्र लक्ष ठेवून रुग्णशय्येजवळील परिचारिकांना मदत करण्याची पद्धती. केंद्रात अनुभवी परिचारिका व अतिदक्षतातज्ञ असतात. या पद्धतीमुळे प्रत्यक्ष शुश्रूषेची गरज कमी होत नाही; तिला दुसरी नजर मिळते एवढेच.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथे दूरचित्रवाणीच्या जोडणीने एका लहान रुग्णालयाला विद्यापीठातील तज्ञांचा सल्ला देण्याचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. अखंड देखरेखीची पद्धती मात्र व्हर्जिनिया राज्यातील सेंटारा या रुग्णालयसमूहाने नॉरफॉक येथे २००० मध्ये सुरू केली. तिची आखणी ब्रायन रोझेनफेल्ड व मायकेल ब्रेस्लो या डॉक्टरांनी केली होती. अतिदक्षतातज्ञांची टंचाई हे तिच्यामागील मुख्य कारण होय.

खाटेजवळील परिचारिकेकडे साधारणतः एक किंवा दोन रुग्ण असतात, तर केंद्रातील परिचारिकेकडे तीस-चाळीस. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन-संपृक्तता, प्रयोगशाळेतील निष्कर्ष यांचा कल तिला पडद्यावर दिसतो. रक्तदाब तासागणिक थोडाथोडा उतरत असेल, तर धावपळीत असलेल्या परिचारिकेपूर्वी तो तिच्या ध्यानात येऊ शकतो. उलट त्वचेचा ओलसर गारवा, रुग्णाची बदललेली वागणूक, नातेवाइकांची घालमेल या गोष्टी पडद्यावर नीट उमटत नाहीत. दोघींचे ज्ञान असे परस्परपूरक आहे. परंतु हात मात्र एकीचेच रुग्णापर्यंत पोहोचतात. गुंगीतून जागा होणारा रुग्ण श्वासनलिकेतील नळी उपसू लागला व त्याची परिचारिका शेजारच्या खोलीत असली, तर केंद्रातील परिचारिका त्याच्याशी बोलून त्याला थोपवू पाहते आणि इतरांना हाक देते. त्या हाकेवर कोणी शंका न घेता धावले, तरच तिचा उपयोग.

हा विश्वास यंत्रणेबरोबर आपोआप येत नाही. आरंभी अनेक ठिकाणी कॅमेरा म्हणजे कामातील चुका टिपणारा पहारा, अशी समजूत होती. काहींनी त्यावर कापड टाकल्याचेही आढळले. म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी घंटेचा आवाज करणे, आपले नाव व येण्याचे कारण सांगणे आणि एरवी कॅमेऱ्याचे तोंड भिंतीकडे ठेवणे, असे संकेत रूढ झाले. विचारण्याची रीतही महत्त्वाची ठरते. ‘औषध अजून का दिले नाही?’ या प्रश्नात दोषारोप ऐकू येतो. ‘औषध थांबवण्याचे काही कारण आहे का?’ यात समोरच्या व्यक्तीच्या निर्णयाला जागा असते, आणि कारण बहुधा असतेच. एकमेकींचा चेहरामोहरा माहीत असणे, केंद्रातील परिचारिकांनी मधूनमधून विभागात पाळी करणे यांमुळेही दुरावा घटतो. नवख्या परिचारिकेला रात्रपाळीत अडलेले विचारण्यास अशी जाणती व्यक्ती मिळणे, हा या पद्धतीचा कमी बोलला जाणारा परंतु मोठा लाभ आहे. अमेरिकेतील अतिदक्षता परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने या कामासाठी २०१३ मध्ये मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली.

परिणामांबाबतचे पुरावे एकमुखी नाहीत. ह्यूस्टन येथील सहा विभागांच्या अभ्यासात (२००९) एकूण मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तेथे सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांबाबत स्थानिक डॉक्टरांनी केंद्राला अगदी मर्यादित अधिकार दिले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथील अभ्यासात (२०११) रुग्णालयीन मृत्युप्रमाण १३·६ टक्क्यांवरून ११·८ टक्क्यांवर आले. तेथे उपचारांच्या ठरलेल्या नियमांचे पालनही सुधारले होते. केवळ यंत्रे बसविण्याने फरक पडतो, असे यावरून म्हणता येत नाही.

कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानेही काही शासकीय रुग्णालयांत दूरस्थ अतिदक्षता सेवा सुरू केली. तिचा भर तज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यावर होता. परिचारिकेने परिचारिकेला दूरस्थ साथ द्यावयाची, तर खाटेजवळ पुरेशा प्रशिक्षित परिचारिका आधी असाव्या लागतात.